डागदरिणीला न वाचता आलेला डाग

माझ्या नणंदेला तिच्या लाँड्रीत कुणी नावानं हाक मारत नाही. मालकापासून इस्त्रीवाल्यांपर्यंत सगळे तिला डागदरीण म्हणतात. कपडा हातात घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, नाकाशी न्यायचा, की ही सांगणार डाग कशाचा, कधीचा, आणि बहुतेक वेळा कसा पडला तेही. एकदा एक गृहस्थ कोट घेऊन आले. म्हणाले, "चहा सांडला." हिनं बाही नाकाला लावली.

"चहा नाही काका, खोकल्याचं औषध आहे. आणि सांडलेलं नाही, कुणी बघत नसताना चमचा बाहीवर रिकामा केलाय."

गृहस्थांची बायको मागेच उभी होती. पुढचं रामायण अख्ख्या लाँड्रीनं हातातलं काम टाकून ऐकलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही नऊ वर्षांची होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे हिची वेणी मी घातली, ताप मी काढले, गणितं मात्र ह्यांच्यावर सोपवली. तेराव्या वर्षी पाळी आली तेव्हा ही न्हाणीघराच्या दाराआडून मला हाका मारत होती. तेव्हा मी तिला सांगितलं, रक्ताला थंड पाणी लागतं. गरम पाणी दाखवलंस तर ते कापडात घर करून बसेल. आज ती लोकांना सांगते, माझ्या धंद्यातला पहिला धडा वहिनीचा. मला आपलं बरं वाटतं. देवानं पोटी लेक दिली नाही, पण ही दिली, असं मी रोजच्या प्रार्थनेत म्हणते. ती मात्र म्हणते, "देवानं नाही, तुझ्या सासऱ्यानं दिली."

तर या डागदरिणीची गेल्या महिन्यातली गोष्ट. मी रोज रात्री चार ओळी लिहिते, त्यात तारखा-वेळा सगळ्या आहेत, त्यामुळे इकडचं तिकडे होणार नाही.

तिचा नवरा ट्रक चालवतो. वीस-वीस दिवस बाहेर, मग दोन रात्री घरी. पंधरा तारखेला, सोमवारी, तो आला, आणि मंगळवारी सकाळी नऊला हिचा फोन.

"वहिनी, एक काम आहे. ओरडू नकोस."

"आधी काम सांग, मग ठरवते."

"काल रात्री ते फाटलं."

"काय फाटलं? चादर?"

"वहिनी!"

मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर मी उगाचच खिडकी लावून घेतली. हिला एक लेक आहे सहा वर्षांची. दुसरं नको असं नाही, पण आत्ता नको. डाग काढायच्या टेबलावर जी औषधं वापरतात त्यांच्या वाफा पोटातल्या बाळाला चांगल्या नसतात, म्हणून पहिल्या वेळी तिला वर्षभर टेबल सोडून पावत्या फाडत बसावं लागलं होतं. आता कुठे एका मोठ्या हॉटेलचं काम लाँड्रीला मिळालं होतं आणि तिला टेबलाची मुख्य केलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या त्या गोळीबद्दल तिला ठाऊक होतं. पण लाँड्रीतली शिफ्ट सुटेपर्यंत तिला हलता येत नव्हतं, आणि गोळी जितकी लवकर तितकी बरी.

मी देवासमोर उभी राहिले. हात जोडले, पण काय मागायचं तेच सुचेना. शेवटी म्हटलं, देवा, तुला माझं मन दिसतंच आहे, मी औषधाच्या दुकानात जाऊन येते.

दुकानात चार माणसं. मी गर्दी ओसरायची वाट बघत कंगवे चाळत बसले. शेवटी दुकानदारच म्हणाला, "काय देऊ मावशी?"

"ते... रात्रीनंतर घ्यायचं असतं ना, ते."

"जेवणानंतरचं? पित्ताचं?"

"नाही हो. नवरा-बायकोचं."

त्याच्या भुवया वर गेल्या. माझं वय एकावन्न. "कुणासाठी?"

"घरासाठी," मी म्हणाले. जसं काही फरशी पुसायचं औषध न्यायला आले होते.

भला माणूस, हसला नाही. किती तास झाले विचारलं, मी म्हटलं बारा. त्यानं डबी दिली. म्हणाला, एकच गोळी, आणि घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागेल. तो पुढेही काही सांगत होता, पण तेवढ्यात आमच्या गल्लीतली पेन्शनवाली आजी पायरी चढताना दिसली. मी डबी फोडली, गोळीची पट्टी चष्म्याच्या डबीत टाकली, आणि ते रिकामं खोकं, आतल्या घडीच्या कागदासकट, दुकानाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबून चालायला लागले. का? तर पिशवीतून ते नाव कुणाला दिसायला नको. मोठ्या अब्रूचं काम केल्यासारखी मान ताठ होती माझी.

दहा चाळीसला लाँड्रीच्या मागच्या दारात तिनं गोळी घेतली. उलटी नाही, काही नाही. जरा मळमळलं एवढंच. झालं, सुटलो, असं आम्ही दोघींनी धरलं.

आणि मग बावीस तारीख. पुन्हा सोमवार. हॉटेलचे तीनशे पांढरे टेबलक्लॉथ त्या दिवशी चार वाजेपर्यंत पोचवायचे होते, लाँड्रीत सगळ्यांची धांदल. साडेअकराला फोन आला. आवाज तिचाच, पण खोल विहिरीतून आल्यासारखा.

"वहिनी, इकडे ये. आत्ता. आहेस तशी ये."

दोन गल्ल्यांचं अंतर मी घरातल्या चपलांवर धावत कापलं. एकावन्नाव्या वर्षी मी धावले हे ह्यांना सांगितलं तर पटणार नाही, पण धावले. ती टेबलापाशी उभी होती. वरचा मोठा दिवा लावलेला, बाकीच्यांना तिनं टेबलक्लॉथ मोजायला पिटाळलेलं. माझा हात धरून मला कपड्यांच्या रांगेआड नेलं.

"मला अंगावर जातंय."

"अगं, मग पाळी आली! देव पावला!"

"पाळी नाही. मला दोन तारखेला येऊन गेली. अजून आठ दिवस आहेत. आणि माझी पाळी मी ओळखत नाही? हे बघ." तिनं पांढऱ्या चिंधीची घडी उलगडली. तपकिरी डाग होता, गंजासारखा. रुपयाएवढा.

"मग?"

"मग काय, वहिनी! दहा वर्षं हेच बघतेय मी. लाल म्हणजे आजचं. तपकिरी म्हणजे जुनं. कितीतरी दिवस पडून राहिलेलं रक्त असा रंग देतं. आणि ही चिंधी मी नऊ वाजता घातली. कापड सकाळचं आणि डाग पंधरवड्याचा, हे कसं?"

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, जसं ती गिऱ्हाइकाकडे बघते, तोंडातून खरं बाहेर पडेपर्यंत.

"हे रक्त आधीपासून आत होतं," ती म्हणाली. "म्हणजे आत काहीतरी आधीपासूनच होतं. तो मागच्या महिन्यातही आला होता ना घरी. मला दिवस गेलेले होते, वहिनी, आणि मला ठाऊक नव्हतं. आणि वरून ती गोळी घेतली."

मी शेजारच्या मळक्या कपड्यांच्या गाठोड्यावर बसले. गोळी तिनं घेतली, पण आणली कुणी? चष्म्याच्या डबीतून, मान ताठ करून? ज्या देवाला मी रोज जिवाजंतूंना जप म्हणून सांगते, त्याच्यापुढे आता कुठलं तोंड घेऊन उभी राहणार होते? पण माझं जाऊ दे. पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की पोटात कुणी होतं का, आणि आपण त्याला घालवलं का. बाकी आपल्याला काय होतंय याची तिला पर्वाच नव्हती.

"पोटात दुखतंय?"

"थोडं. पाळीसारखं."

"खूप जातंय?"

"नाही. कालपासून थेंब-थेंब. कालचं मी मनावर घेतलं नाही."

"मग चल डॉक्टरकडे."

"तीनशे टेबलक्लॉथ आहेत!"

"टेबलक्लॉथ मरत नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा कसा निघाला मला माहीत नाही. रांगेपलीकडून मालकाचा आवाज आला, "कोण मरतंय?"

मालकाला सांगितलं, हिला चक्कर आली. त्यानं ताबडतोब माल पोचवायची गाडी काढायला लावली. गाडीचा चालक म्हणजे एक धांदरट माणूस, सगळे त्याला भोंगा म्हणतात, कारण तो ब्रेकपेक्षा हॉर्नवर जास्त विश्वास ठेवतो. पुढे एकच जागा, तीही बिलांच्या गठ्ठ्यांनी भरलेली. म्हणून आम्ही दोघी मागे, दांडीला टांगलेल्या स्वयंपाक्यांच्या पांढऱ्या कोटांमध्ये. गाडीनं वळण घेतलं की चाळीस कोट एकदम आमच्या अंगावर, दुसऱ्या वळणाला पलीकडे. मी मनात देवाचा धावा करतेय, एका हातानं तिला धरलंय, दुसऱ्यानं दांडीला. आणि ही? हिनं तोंडावर आलेला एक कोट धरला, कॉलर उलटी केली.

"वहिनी, हे बघ. हळद तशीच ठेवलीय. मी नसले की असं करतात मेले!"

"अगं, तू मरायला टेकलीस म्हणून मी तुला नेतेय!"

"मी मेले तरी हा कोट असा जाता कामा नये." आणि इतका वेळ कोरडे राहिलेले डोळे तिथे भरून आले, हळदीच्या डागावर. पुढून भोंगा ओरडला, "डागदरीणबाई, जीव धरून ठेवा, पोचलोच!" आणि पूर्ण चौक हॉर्न वाजवत पार केला.

दवाखान्यात हिरव्या भिंती, लाकडी बाक, आणि आमच्या आधी पाच बायका. भोंग्यानं आत जाऊन काय सांगितलं देव जाणे, पण नर्स धावत आली. आम्हाला सरळ आत नेलं. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या, जाडजूड, बोलण्यात फटकळ. नणंदेनं एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी ती चिंधीची घडी टेबलावर ठेवली, पुरावा ठेवावा तशी.

"हे कशाला आणलंत?"

"रंग बघा. जुनं आहे."

"तुम्ही काय करता?"

"डाग काढते."

"अस्सं." डॉक्टरबाईंनी चष्मा खाली केला. "मी पण तेच करते, पण लोकांच्या मनातले. आडव्या व्हा."

पोट दाबून बघितलं, इथे दुखतं का, तिथे दुखतं का, एका बाजूला जास्त दुखतं का. रक्तदाब घेतला. मग तारखा विचारल्या. आधीची पाळी कधी? किती दिवस गेली? नेहमीसारखी होती का? ती रात्र कोणती? गोळी किती वाजता? नणंद अडखळायला लागली, आणि मी पाठ केल्यासारखं सांगितलं: पाळी दोन तारखेला, मला आठवतं कारण तिनं गरम पाण्याची पिशवी मागून नेली, पाच दिवस, रात्र पंधराची, गोळी सोळाला दहा चाळीस.

"तुम्ही कोण?"

"वहिनी."

"अशी वहिनी सगळ्यांना मिळो. निम्मं काम झालं."

मग लघवी तपासायला सांगितली. ती आत गेली, बाहेर आली, आणि आम्ही तिघी त्या पट्टीकडे बघत बसलो. पाच मिनिटं! मी आयुष्यात अनेक परीक्षांचे निकाल बघितले, ह्यांच्या बढतीची वाट बघितली, पण घड्याळाचा काटा असा अडून बसलेला कधी बघितला नाही. नणंदेची नखं माझ्या मनगटात रुतली होती.

"एक रेघ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता नीट ऐका, दोघीही. दोन तारखेला नेहमीसारखी पाळी आली, आणि आज चाचणीत काही नाही. आधीपासून कुणी नव्हतं."

"नक्की?"

"आणि असतं, तरी या गोळीनं त्याला काही झालं नसतं. गर्भ पाडायच्या गोळ्या वेगळ्या, त्या अशा दुकानातून मागून मिळत नाहीत. ही गोळी काय करते, बीज सुटायला उशीर करते. बस. राहिलेलं काढत नाही."

"मग रक्त?"

"गोळीनंतर आठवड्याभरात असं थोडं-थोडं दिसतं, पुष्कळ जणींना दिसतं. अंगातल्या हार्मोन्सची घडी एकदम विस्कटते ना. यात घाबरण्यासारखं काही नाही."

"पण रंग!" नणंद हटेना. "रंग जुन्याचा आहे, डॉक्टरबाई. मी खोटं सांगत नाही."

"खोटं नाही, तुमचं बरोबरच आहे. पण तुम्ही कापडावरचं रक्त वाचता. तिथे ते हवेत पडून तपकिरी होतं. इथे थोडंसं रक्त हळूहळू खाली उतरतं, त्याला वाटेतच वेळ लागतो, बाहेर येईपर्यंत रंग बदललेला असतो. एक-दोन दिवसांचं असेल. पंधरवड्याचं नाही."

नणंद हळूच म्हणाली, "वाटेतच." आणि पुन्हा, "वाटेतच, वहिनी!" आणि उठून तिनं मला अशी मिठी मारली की नर्स दारातून डोकावली.

"हे सगळं डबीतल्या कागदावर लिहिलेलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वाचला नाहीत?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. खोटं बोलणं माझ्या धर्मात बसत नाही. सांगितलं, कागद कचऱ्याच्या डब्यात आहे, अब्रूच्या पायी. डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा टेबलावर पडला. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ताई, एका कागदाची भीती वाटली, आणि अख्खा दवाखाना गोळा केलात."

मला मात्र एक विचारायचंच होतं. नणंद कपडे ठीक करत होती तेव्हा मी विचारलं, "डॉक्टरबाई, आम्ही पाप तर नाही ना केलं?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही. माझ्या पुस्तकात एवढंच आहे, की तिथे कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाला काही झालं नाही. पुढचं तुम्ही तुमच्या देवाला विचारा." मी तिथल्या तिथे मनात विचारलं. छातीवरचं ओझं उतरलं, तेच उत्तर मी धरलं.

निघताना त्यांनी दटावून सांगितलं. हे रक्त म्हणजे पाळी नव्हे. आलं म्हणून काम झालं असं समजू नका. त्या रात्रीला तीन आठवडे झाले की पुन्हा चाचणी करा. मधल्या काळात पाळी पुढेमागे होऊ शकते. पण तासाला एक पॅड भिजायला लागलं, सलग दोन तास, किंवा पोटात एका बाजूला जोरात कळ आली, चक्कर आली, तर टेबलक्लॉथ नाही, काही नाही, सरळ इथे यायचं. आणि ही गोळी त्या एका रात्रीपुरती. पुढच्या रात्रींसाठी कायमचा उपाय बघायला या.

बाहेर भोंगा हात जोडून उभा. "बाई, जगणार ना?"

"जगणार! चल, तीनशे टेबलक्लॉथ वाट बघतायत. आणि आधी तो हळदीचा कोट काढ."

चारला दहा मिनिटं कमी असताना माल हॉटेलात पोचला. मी स्वतः सत्तर टेबलक्लॉथांच्या घड्या घातल्या. आयुष्यात एवढ्या आनंदानं मी घड्या घातल्या नव्हत्या.

बुधवारी डाग बंद झाला. पण गोष्ट संपली नव्हती. तीस तारीख आली, पाळी नाही. एकतीस, नाही. मी दिवस मोजत होते, ती मोजत नाही असं दाखवत होती. चार तारखेला ती म्हणाली, "असेल तर असेल, वहिनी. ते आपण घालवलेलं नसेल एवढं तरी नक्की. पुन्हा पावत्या फाडीन." दोन आठवड्यांपूर्वी हीच पोरगी चिंधी उलगडून स्वतःला दोष देत होती.

सहा तारखेला सकाळी माझ्याकडे येऊन चाचणी करायची असं ठरलं होतं. मी पाचला उठून प्रार्थना करून, दार उघडं ठेवून बसले. सात झाले, आठ झाले, ही नाहीच. सव्वाआठला फोन. मागे धुलाईच्या यंत्रांचा गडगडाट.

"वहिनी! धीर निघाला नाही! इथेच केली!"

"आणि?"

"एक रेघ!"

"मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही!"

"एक रेघ! एकच रेघ!!"

यंत्राचा आवाज नेमका तेव्हाच थांबला असावा, कारण शेवटचं वाक्य लाँड्रीभर गेलं. इस्त्रीवाल्याचा आवाज आला, "कुठली रेघ, डागदरीणबाई?"

"पँटची!" ही ओरडली. "दोन पडल्या असत्या तर घोटाळा झाला असता!"

तिकडे सगळे हसले, कुणी म्हणालं, हिला इस्त्रीचं कधीपासून कळायला लागलं. मग तिचा आवाज फोनला अगदी चिकटून आला.

"वहिनी, मला रडू येतंय. का ते कळत नाही."

"रड की. कुणी विचारलं तर?"

"डोळ्यांत वाफ गेली म्हणेन."

ती रडत होती, मी फोन कानाला लावून ऐकत होते, माझ्याही गालांवरून ओघळत होतं. मागून मालक कुणावर तरी खेकसला, "अरे वाफ कमी करा, बाईच्या डोळ्यांत जातेय!"